जुने भिंग, नवी पेटी

दिवाळीच्या आधी माळा झाडायचा, ही आमच्या घरची जुनी रीत. दरवर्षी माळ्यावरून काही ना काही खाली येते आणि त्यावरून घरात दोन पक्ष पडतात. पितळेची समई आली तर वाद होत नाही. ती चिंचेने घासली जाऊन देवापुढे जाते. पण मुका झालेला रेडिओ, काड्या मोडलेली छत्री, कुणाच्या तरी मुंजीतला तांब्या असल्या वस्तू खाली आल्या की "टाका" आणि "राहू दे" असा सामना सुरू होतो. मी बहुधा "राहू दे" म्हणणाऱ्यांत असतो. माझी पत्नी म्हणते, "तुम्हांला वस्तू टाकवत नाहीत, कारण माळ्यावर तुम्ही चढत नाही." या वाक्याला माझ्यापाशी आजवर उत्तर नव्हते.

आज सांगायची आहे ती गोष्ट अशाच एका माळ्यावरून सुरू होते. पण तो माळा आमचा नव्हे, मामांचा. मामांचा चिपळुणात एक लहानसा फोटो स्टुडिओ होता. लग्ने, मुंजी, शाळेचे गट-फोटो आणि म्हाताऱ्या माणसांचे "एक असू द्यावा" म्हणून काढून ठेवलेले फोटो, यांवर त्यांचा संसार चालला. पुढे मामा गेले, स्टुडिओचे शटर खाली आले ते पुन्हा वर गेले नाही. २०२१ च्या जुलैत चिपळुणात पाणी शिरले, तेव्हा खालच्या कपाटांत रचून ठेवलेल्या त्यांच्या साऱ्या निगेटिव्ह चिखलात गेल्या. एका गावाचे चाळीस वर्षांचे चेहरे दोन दिवसांत पुसले गेले. माळ्यावर एक चामडी पिशवी तेवढी वाचली. तिच्यात पेंटॅक्स कंपनीचा स्पॉटमॅटिक कॅमेरा होता आणि त्याच्या तोंडावर सुपर-टाकुमार नावाचे पन्नास मिलिमीटरचे भिंग. मामांनी ही जोडी मुंबईत फोर्टातल्या बोराबाजारातून जुनीच विकत घेतली होती आणि ती घेताना मामींच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या, असे आई सांगते. मामींनी ती पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तू चित्रकलेचा मास्तर. तुलाच काही उपयोग झाला तर बघ."

कॅमेऱ्याचे शटर गंजून बसले होते. भिंग मात्र जिवंत होते. त्याचे फोकसचे कडे बोटांनी फिरवले, तर इतक्या वर्षांनंतरही ते लोण्यातून सुरी फिरावी तसे फिरले. दोन दुखणी मात्र होती. एक कोकणातले नेहमीचे: पावसाळ्याच्या दमट हवेत काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली होती. ती मुंबईच्या एका कारागिराने काढून दिली, तरी तिची पुसट खूण राहिलीच. दुसरे दुखणे निराळे होते. काच जुन्या मधासारखी पिवळी पडली होती. चौकशी केली तेव्हा कळले की १९६० च्या दशकात या जातीच्या काही भिंगांच्या काचेत थोरियम मिसळलेले असे. त्याने काचेची प्रकाश वळवण्याची शक्ती वाढे; पण थोरियम किरणोत्सर्गी, आणि त्याच्या स्वतःच्याच सौम्य किरणांनी काच वर्षानुवर्षे पिवळी पडत जाई. इलाज काय? तर ऊन! उन्हातल्या अतिनील किरणांनी तो पिवळेपणा उतरतो. मी ऑक्टोबरच्या उन्हात, मागे चकचकीत वर्ख लावून, ते भिंग रोज सज्जात ठेवले आणि जवळ बसून राहिलो. कारण भिंगातून गोळा झालेले ऊन घरही पेटवू शकते. उडदाच्या पापडांशेजारी मामांचे भिंग वाळताना पाहून शेजारी हसत. काही आठवड्यांनी काच बरीच निवळली.

आता ते लावायचे कशाला? पुण्यातल्या माझ्या पुतण्याने नवा कॅमेरा घेतला आणि आपला आधीचा, एका स्वयंचलित लेन्ससकट, मला देऊन टाकला. तो सोनीचा, २०१४ सालचा, मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला. माझे पदार्थविज्ञान मॅट्रिकच्या पुस्तकाबरोबर संपले. तेव्हा मला समजले तेवढेच सांगतो. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे एक तिरपा आरसा असे. भिंगातून आलेले चित्र तो वर डोळ्याकडे पाठवी आणि कळ दाबताच बाजूला होई. त्या आरशाला हलायला जागा हवी, म्हणून भिंग फिल्मपासून दूर बसवावे लागे. मामांच्या भिंगाचे हे अंतर साडेपंचेचाळीस मिलिमीटरच्या जरा आत आहे. नव्या कॅमेऱ्यात आरसाच नाही, म्हणून त्याचे अंतर अवघे अठरा मिलिमीटर. मधल्या सुमारे साडेसत्तावीस मिलिमीटरांची भरपाई करणारी एक पोकळ धातूची नळी मिळते. तिला अडॅप्टर म्हणतात. तिच्यात काच नाही, तार नाही, काही नाही. एका बाजूला जुन्या भिंगाचे बेचाळीस मिलिमीटर व्यासाचे आटे आणि दुसऱ्या बाजूला नव्या कॅमेऱ्याची खाच. दोन पिढ्यांमध्ये नुसती मोकळी जागा ठेवली की त्या जुळतात, हे पाहून मला आमच्या घरातले काही प्रसंग आठवले. पण ते असो.

गंमत पुढेच आहे. भिंग बसवून मी कळ दाबली, तर कॅमेरा हलेना. पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, त्या जुन्या लेन्सला विजेचे टाके नाहीत ना, म्हणून कॅमेऱ्याला वाटतंय की लेन्स लावलेलीच नाही. यादीत जाऊन 'लेन्स नसतानाही फोटो घे' असं त्याला सांगावं लागेल." तसे सांगितले, आणि फोटो निघाला. प्रत्येक फोटोबरोबर कॅमेरा आपल्या वहीत नोंद ठेवतो: दिवस, वेळ, कोणते भिंग, केवढे छिद्र. मामांच्या भिंगाने काढलेल्या चित्रात भिंगाचा रकाना रिकामा राहतो. ज्याच्यातून सारा उजेड आत आला, तेच हजेरीपटावर कायमचे गैरहजर. तेव्हा ही मला नुसती गंमत वाटली होती.

पहिले काही महिने मी वेड्यासारखा फोटो काढत सुटलो. या भिंगात फोकस आपोआप होत नाही. कडे आपल्या हाताने फिरवावे लागते. छिद्र पूर्ण उघडे ठेवून मीटरभरावरच्या माणसाचा फोटो घेतला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम तीन सेंटीमीटरांचा असतो. डोळा स्पष्ट केला तर कान धूसर होतो. म्हणजे प्रत्येक वेळी ठरवावे लागते की मला काय पाहायचे आहे. नवा कॅमेरा यात मदत करतो. स्पष्ट झालेल्या कडांवर रंगीत रेघ उमटवतो, चित्राचा हवा तो भाग मोठा करून दाखवतो. पण निर्णय तो घेत नाही. ते कडे सावकाश फिरवताना धुक्यातून माणूस यावा तसा चेहरा वर येतो. त्या क्षणी मला वाटे की मी प्रथमच नीट पाहतो आहे. आणि हळूहळू मला असेही वाटू लागले की, मोबाइलवर दिवसाला शंभर फोटो काढणाऱ्यांपेक्षा मी जरा वरच्या पायरीवर उभा आहे. शिक्षकांच्या खोलीत मी यावर दोनदा व्याख्यान दिले. कष्ट म्हणजे संस्कार, सोय म्हणजे ऱ्हास, वगैरे. माझ्या एका कादंबरीतला नायकही असेच बोलतो; त्या कादंबरीच्या पुष्कळ प्रती अजून माझ्या घरी आहेत.

ही पायरी प्रथम हलवली माझ्या पत्नीने. गेल्याच्या गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या संध्याकाळी, आई उंबऱ्यावर पणत्या लावत होती. तिचे वय ऐंशीच्या घरातले. मी म्हटले, "आई, तशीच थांब." मी कडे फिरवू लागलो. ज्योत हलत होती, उजेड कमी होता. एकदा नाकाचा शेंडा स्पष्ट होई, एकदा पदर. भिंगावरच्या बुरशीच्या खुणेमुळे ज्योतीभोवती प्रभाही पसरे, तीही मला टिपायची होती. आई वाकलेली, हातात पणती, तोंडावर आणलेले हसू. "झालं का रे?" तिने दोनदा विचारले. फोटो शेवटी स्पष्ट आला. पण त्यात हसू नव्हते, दमलेले ओठ होते. रात्री पत्नी म्हणाली, "अहो, तुमची साधना तुम्ही करा. तिचा भार आईंच्या कमरेवर कशाला? आणि एक सांगू? जात्यावरच्या पिठाची चव गाणारा माणूस मला अजून जात्यावर बसलेला दिसला नाही."

या वाक्याने माझी झोप उडाली. कारण प्रश्न आता भिंगाचा राहिला नव्हता. एखादे काम कष्टाने केले, एवढ्यानेच ते अधिक चांगले ठरते काय? माझी आजी पहाटे उठून दळीत असे. गावात गिरणी आली, त्या दिवशी तिने देवापुढे साखर ठेवली, असे आई सांगते. तिला जात्यात संस्कार दिसला नाही, खांद्याचे दुखणे दिसले. यंत्रांविषयी गांधीजींइतके कठोर कोणी लिहिले नसेल. १९०९ सालच्या त्यांच्या 'हिंद स्वराज'मध्ये ते आहे. पण त्याच गांधीजींनी पुढे शिवणयंत्राला अपवाद केला. कारण ते एका माणसाच्या मनातल्या बायकोविषयीच्या कणवेतून निघाले, असे ते मानीत. म्हणजे त्यांच्याही लेखी कसोटी कष्टाची नव्हती, यंत्राने कोणाचे ओझे उतरते याची होती. मग आपोआप फोकस करणारे यंत्र तरी वाईट कसे? १९७७ साली कोनिकाने असा पहिला कॅमेरा बाजारात आणला. १९८५ साली मिनोल्टाने ती सोय भिंगे बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याच्या पोटात बसवली. त्यानंतर थरथरत्या हातांच्या, अधू दृष्टीच्या किती माणसांनी आपल्या नातवंडांचे स्पष्ट फोटो काढले असतील! मोतीबिंदू झालेल्या आजोबांना "कडे फिरवा, त्यातच पुण्य आहे" असे सांगणारा मी कोण?

तेव्हा कष्टाच्या बाजूने मी हरलो, आणि ते प्रांजळपणे मान्य करतो. मामांचे भिंग पिशवीत गेले. शाळेचे फोटो मी पुतण्याच्या स्वयंचलित लेन्सने काढू लागलो. आणि इथेच, जिथे वाद संपला असे मला वाटले, तिथे तो खरा सुरू झाला.

आमच्या शाळेत दहावीच्या निरोपाच्या वेळी वर्गाचा गट-फोटो असतो. त्या वर्षी भाषणे लांबली आणि फोटोला संध्याकाळ झाली. चार रांगा उभ्या केल्या. उजेड कमी, म्हणून मी छिद्र उघडेच ठेवले. कॅमेऱ्याने पुढच्या रांगेतला एक चेहरा शोधला, त्याभोवती चौकोन काढला, आणि मी कळ दाबली. पाच सेकंदांत काम झाले. फोटो मोठा करून, चौकटीत घालून कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर लावला.

जूनमध्ये एक बाई मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आल्या. महामार्गाच्या रुंदीकरणावर काम करणारे कुटुंब. एका टप्प्याचे काम संपले, आता मुक्काम हलवायचा होता. कारकून दाखला लिहीपर्यंत त्या भिंतीपाशी उभ्या होत्या. मी जवळून जात होतो, तर त्यांनी विचारले, "सर, ह्यात आमचा पोरगा कुठला?" मी नाव विचारले. नाव ऐकून चेहरा आठवेना. मग शेवटच्या रांगेच्या टोकाला मी बोट ठेवले, अंदाजानेच. तिथे एक मुलगा होता. म्हणजे शाळेचा सदरा होता आणि त्यावर एक धूसर डाग होता. बाईंनी चौकटीवर पदर फिरवला, जणू काचेवर धूळ असावी. मग त्या माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, "ताई, कॅमेऱ्यानंच तसा घेतलाय."

त्या "असू द्या" म्हणाल्या आणि दाखला घेऊन गेल्या.

वाचकहो, गेले वर्षभर मी या एका वाक्याशी भांडतो आहे. "कॅमेऱ्यानंच तसा घेतलाय." हे वाक्य खोटे नव्हते. चौकोन कॅमेऱ्याने काढला होता, पुढची रांग त्याने निवडली होती. पण छिद्र उघडे ठेवले होते मी. मागची रांग मोठी करून तपासली नाही ती मी. आणि ज्या मुलाला वर्षभर आठवड्याला दोन तास मी चित्रकला शिकवली, त्याने काढलेले एकही चित्र मला आठवू नये, हे कोणत्या कॅमेऱ्याने केले? पुढच्या बाकांवरची मुले हात वर करतात, वह्या पुढे करतात, त्यांचे आईबाप भेटायला येतात. माझी नजरही जवळचा, ठळक, उजेडातला चेहरा शोधते आणि तिथे चौकोन काढून स्वस्थ होते. ते यंत्र माझ्याहून वेगळे वागलेच नव्हते. त्याने फक्त मला एक सोय करून दिली: दोष ठेवायला जागा.

मामांच्या भिंगाने तोच फोटो धूसर आला असता, तर हे वाक्य माझ्या तोंडून निघूच शकले नसते. जुन्या भिंगाची थोरवी मला आता एवढीच दिसते. ते अधिक चांगले पाहते असे नाही. पिवळे पडते, दिव्यासमोर भांबावते, म्हाताऱ्या माणसांना ताटकळत ठेवते. पण कोणाला स्पष्ट करायचे हे ते परस्पर ठरवत नाही. एकाला स्पष्ट करताना दुसरा धूसर होतो, हे आपल्या बोटांना कळत राहते. नवी सोय हे काम आपल्याहून चांगले करील, करतेही; पण ती करताना कोणी तरी वगळले गेले, ही जाणीवच आपल्याला होत नाही. उद्या याहून मोठ्या निवडी यंत्रे करतील: कोणाचा अर्ज आधी पाहायचा, कोणत्या मुलाला कोणता धडा द्यायचा. त्यांचे ओझे जरूर घ्यावे त्यांनी. पण शेवटच्या रांगेतल्या मुलाची आई येऊन विचारील, तेव्हा उत्तर द्यायला माणूसच उभा असायला हवा, आणि त्याने "यंत्रानेच तसे केले" असे म्हणता कामा नये.

यंदाचा गट-फोटो मी मामांच्या भिंगाने काढला. दुपारचा चांगला उजेड निवडला, छिद्र आठपर्यंत लहान केले, म्हणजे चारही रांगा स्पष्टतेत याव्यात. मग चित्र मोठे करून दाखवणारी खिडकी मी शेवटच्या रांगेवर नेली आणि टोकापासून एकेक चेहरा तपासत आलो, हजेरी घ्यावी तसा. पोरे कुरकुरली. "सर, किती वेळ?" मी म्हटले, "बसा रे खाली तोवर, बोलवीन तेव्हा उभे राहा." आईच्या कमरेने एवढे तरी शिकवले होते. त्या लहानशा खिडकीत मला दिसले की तिसऱ्या रांगेतली एक मुलगी फळ्यावरचे वाचताना डोळे बारीक करते तशीच माझ्याकडे पाहते आहे. तिला चष्मा हवा होता. वर्षभर ती माझ्या वर्गात बसत होती. नंतर तिच्या वडिलांना भेटून मी ते सांगितले. यात भिंगाचा मोठेपणा नाही. हे मला फळ्यापाशी उभे राहूनच दिसायला हवे होते.

तो धूसर मुलगा कुठे आहे ते मला ठाऊक नाही. दाखल्यावर पुढच्या गावाचे नाव नव्हते. भिंतीवरचा फोटो मी काढलेला नाही. मुख्याध्यापकांनी एकदा सुचवले, "जुना उतरवून नवा लावू या." मी म्हणालो, नवा शेजारी लावू, जुना राहू दे. "राहू दे" म्हणण्याची माझी सवय इथे पहिल्यांदाच उपयोगी पडली असे वाटते.

आईचे पणत्यांचे फोटो आता मी स्वयंचलित लेन्सनेच घेतो. ती वाकते, हसते, आणि तिने "झालं का रे?" विचारण्याच्या आत झालेले असते. मामांचे भिंग वर्गासाठी. आणि हो, यंदा माळ्यावर मी स्वतः चढलो. दोन तास धूळ खाल्ली, गुडघा खरचटला. मुका रेडिओ आणि मोडकी छत्री घेऊन खाली उतरलो आणि कोणी काही म्हणण्याआधी म्हणालो, "हे टाकू या." पत्नीने नुसते पाहिले, आणि चहा ठेवायला आत गेली.